थोरल्या वैनींची फाइल

आमच्या भावजींनी आयुष्यात कुठलीही वस्तू हिसकून घेतली नाही. असा दुसरा माणूस सबंध इंदापूर तालुक्यात शोधून सापडायचा नाही. भावजी म्हणजे माझे चुलत दीर, ह्यांच्या चुलत्यांचे धाकटे चिरंजीव. लग्नाबारशांचं व्हिडिओ शूटिंग करायचे. निमगाव केतकीला आमच्या घराची रस्त्याकडची पुढची खोली हेच त्यांचं दुकान. बंद पडलेल्या, अडकून बसलेल्या वस्तूशी ते घरी आलेल्या पाहुण्याशी बोलावं तसं बोलायचे. लोणच्याच्या बरणीचं झाकण निघेना की दुसरा माणूस फडकं गुंडाळून दात खातो. भावजी बरणी मांडीवर घेऊन बसायचे आणि विचारायचे, "काय झालं? कुनी एवढं घट्ट लावलं तुमाला?" खरं सांगते, थोड्या वेळाने झाकण निघायचं. मांडीच्या उबेने निघत असेल, पण आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणायच्या की त्याच्या बोलण्याला कंटाळून निघतं. एकदा भवानीनगरहून येताना एस.टी. बंद पडली. सगळी माणसं ड्रायव्हरच्या नावाने बोटं मोडत होती. भावजी खाली उतरले आणि गाडीच्या तोंडापुढं जाऊन जाळीवर हात ठेवून उभे राहिले. कंडक्टर म्हणाला, "काय राव, ताप बघताय व्हय?" भावजी म्हणाले, "दमलीय ती. हिला कुनी थांब म्हणलंच न्हाय सकाळपासनं." पंधरा मिनिटांनी गाडी सुरू झाली, आणि बारामतीचा एक म्हातारा उतरताना त्यांच्या पाया पडायला लागला.

शूटिंगलाही तीच अदब. सांगितल्याशिवाय माणसावर कॅमेरा रोखणं म्हणजे न विचारता कुणाच्या चुलीपर्यंत जाण्यासारखं आहे, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते आधी खोकायचे आणि मग बटण दाबायचे. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक कॅसेटमध्ये पहिल्यांदा माणूस दचकून वर बघतो, मग सावरतो, मग हसतो. मुलगी सासरी निघाली, आई रडली, आणि मध्ये पदर आला की भावजी कॅमेरा खाली घेऊन म्हणायचे, "मावशी, रडू खरं व्हतं, पर दिसलं न्हाय. पुन्यांदा जमंल का?" आणि मावशी पुन्हा रडायच्या, पहिल्यापेक्षा जास्त. एका लग्नात बॅटरी संपत आली तर त्यांनी भटजींना हात जोडून सांगितलं की शेवटचं मंगलाष्टक जरा उरकतं घ्या, बॅटरीचा जीव जायला लागलाय. भटजी एका दमात 'सावधान'पर्यंत आले आणि नवरानवरी हार हातात घेऊन बघतच राहिली.

नव्वदीतली वर्षं संपत आली तेव्हा भावजींनी पुण्याहून कॉम्प्युटर आणला. त्याच्यासमोर बसताना चपला बाहेर. काम झालं की त्याच्या अंगावर टॉवेल. टॉवेल घालताना "बसा आता निवांत," असं म्हणायचे. हात बसावा म्हणून त्यांनी पहिली घरचीच एक कॅसेट त्यात उतरवली. ती ह्यांच्या लग्नाची होती. माझ्याशी झालेल्या नव्हे, पहिल्या. उतरवून झाल्यावर त्यांनी ती कॅसेट पुसून लासुर्ण्याच्या एका बारशाला वापरली, कारण कॅसेट पुन्हा पुन्हा वापरायची ही त्यांची रीत होती. "कॅसेटीला म्हातारपण येतं," ते म्हणाले होते म्हणे, "हितं माणूस हाय तसं ऱ्हातं." तेव्हा थोरल्या, म्हणजे ह्यांच्या पहिल्या, चांगल्या धडधाकट होत्या. चार महिन्यांनी त्या काविळीने गेल्या. मग लक्षात आलं, की हलताबोलताना त्या आता त्या एका फाइलीतच आहेत.

पुढच्या वर्षी मी आले. आमच्यात दुसरेपणाने येणारीच्या गळ्यात पहिलीची मूर्ती उठवलेला चांदीचा टाक बांधतात, करंगळीच्या नखाएवढा. नवं लुगडं आधी टाकाला दाखवायचं, मग आपण नेसायचं. गोडधोडाचा पहिला घास टाकाला. मला त्याचं काही वाटायचं नाही, आमच्या माहेरीही असंच होतं. पण लग्नाला पाच महिने झाले आणि मला ताप यायला लागला. दुपार कलली की हातपाय गार पडायचे, दात वाजायचे आणि उन्हं उतरली की घाम येऊन सगळं थांबायचं. एक दिवसाआड, ठरल्या वेळेला. गावातल्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी आठ दिवस जायचा, पुन्हा यायचा. मी वाळत चालले. माहेरहून वडील येऊन एकदा बघून गेले. आत्याबाई सुप्याकडच्या एका जाणत्या बाईकडे जाऊन आल्या. तिने डोळे मिटून एवढंच सांगितलं, "पहिलीचं घरात अजून कायतरी चालू हाय."

आत्याबाईंनी घर पालथं घातलं. थोरल्यांची लुगडी वाटून झाली होती, ट्रंक त्यांच्या माहेरी पोचती केली होती. मग त्या पुढच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि टॉवेल पांघरलेल्या कॉम्प्युटरकडे बघून म्हणाल्या, "त्या डब्यात हाय ती. काढ तिला भाईर."

"काकू, एवढी एकच उरलीय," भावजी म्हणाले. "पुसली की संपलं."

"एक हाय म्हणूनच चालू हाय. पोरीचं तोंड बघ जरा. हिला बी घालवायची का?"

भावजींनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. मला कुणाची फाइल पुसायला नको होती, पण मला जगायचंही होतं. दोन्ही कसं सांगावं ते कळलं नाही.

त्या दुपारी मी चहा घेऊन गेले तेव्हा भावजी पडद्यासमोर बसले होते. पडद्यावर फाइलींची यादी होती, एकाखाली एक, रेशनच्या यादीसारखी. त्यांनी थोरल्यांच्या फाइलीवर बाण नेला आणि टिचकी मारली. लगेच डाव्या अंगाला एक छोटा चौकोन उघडला, काडेपेटीएवढा. त्यात मुंडावळ्या बांधलेली एक मुलगी मान खाली घालून बसली होती. तिने मान वर केली. आवाज काही नव्हता. भावजींच्या खोकण्याने दचकून माणसं कॅमेऱ्यात बघतात, ही मात्र आमच्याकडे बघत नव्हती. आमच्या उजव्या खांद्यावरून मागं कुणाकडे तरी बघत होती. तेवढ्यावर चित्र थांबलं. भावजींनी पुसायचं बटण दाबलं. मधोमध एक पाटी आली. त्यांनी इंग्रजीवरून बोट फिरवत हळूहळू वाचलं आणि माझ्याकडे न बघता सांगितलं, "वैनी, पुसता येत न्हाय म्हणतंय. फाइल वापरात हाय."

"कोण वापरतंय?"

"ते न्हाय सांगत."

खोलीत आम्ही दोघंच होतो. मी उजवीकडे मागं वळून बघितलं. मागं भिंत होती, आणि भिंतीवर ह्यांचा शर्ट टांगलेला होता. माझे हातपाय गार पडायला लागले. तापाची वेळ झालीच होती.

पुढचे पंधरा दिवस भावजींनी त्या फाइलीची मनधरणी केली. कॉम्प्युटर बंद करून उघडला. सकाळी अंघोळ करून, कुणाशी न बोलता उघडला. फाइलीचं नाव बदलून बघितलं, जागा बदलून बघितली. दर वेळी टिचकी, चौकोन, ती मान वर करणार, आणि पाटी. आत्याबाईंनी कॉम्प्युटरवर लिंबू ठेवलं. ते भावजींनी उचलून माझ्या हातात दिलं, "रस आत गेला तर आणखीनच अडंल," आणि आम्ही त्याचं सरबत केलं. शेवटी, दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना की नातलग हात जोडून मेलेल्याची राहिलेली इच्छा ओळखायला लागतात, तसे भावजी एका दुपारी टेबलापुढं हात जोडून उभे राहिले. मी उंबऱ्यात शेंगा फोडत होते.

"थोरल्या वैनी, तुमच्या आईला दिवाळीला साडी पोचंल. मी सोता जाईन." टिचकी. पाटी.

"तुमची कपिली शेळी कुनी इकनार न्हाय." पाटी.

"तुमी लावलेला कढीपत्ता हाय तसा हाय." पाटी.

मग भावजींचा आवाज बारीक झाला. "नव्या वैनींला ह्या घरात कुनी परकं म्हणनार न्हाय." माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. त्यांनी बटण दाबलं. पाटी आली. भावजींनी सुस्कारा सोडला आणि म्हणाले, "म्हंजे ह्यो इषय न्हाय त्येंचा." मला हसू आलं, आणि हसताहसताच दात वाजायला लागले.

तेवढ्यात वीज गेली. पडदा काळा झाला. काळ्या काचेत दुपारचं दार दिसत होतं आणि दारात बसलेली मी. डावीकडे, जिथे तिचा चौकोन उघडायचा, नेमकं तिथेच माझं तोंड. मी मान खाली घातली होती ती वर केली. तशीच. भावजी जागचे हलले नाहीत. त्यांनाही दिसलं असणार, कारण वीज यायची वाट न बघता त्यांनी टॉवेल घेतला आणि पडद्यावर टाकला. त्या दिवशी "बसा आता निवांत" म्हणाले नाहीत.

मग बारामती. मला मोठ्या डॉक्टरांकडे रक्त तपासायला न्यायचं होतं, ह्यांची कारखान्यात पाळी होती, म्हणून भावजी निघाले, आणि निघताना कॉम्प्युटरचा डबा शालीत गुंडाळून कडेवर घेतला. बसमध्ये तो मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "ह्येचं अर्ध तिकीट काढू का पुरं?" भावजी गंभीरपणे म्हणाले, "मांडीवरच्याला तिकीट नसतंय." दवाखान्यातून निघून आम्ही कॉम्प्युटरच्या क्लासला गेलो. तिथले सर पंचविशीतले, दाढी पण धड न आलेले. त्यांनी डबा आपल्या पडद्याला जोडला, यादी उघडली, टिचकी मारली. चौकोन आला. तिने मान वर केली. सर पडद्याजवळ वाकून म्हणाले, "ह्या बाई बघतायत कुणाकडं?"

भावजींनी शालीची घडी घालायला घेतली.

"बरं," सर म्हणाले, "ऐका. तुम्ही टिचकी मारली की हे मशीन काय करतं? आत काय आहे ते तुम्हाला दाखवावं म्हणून फाइल उघडतं. हा चौकोन म्हणजे तेच. आता उघडलेली फाइल पुसता येत नाही. तुम्ही म्हणताय कोण वापरतंय. दुसरं कुणी नाही. तुम्ही बघताय म्हणून ती वापरात आहे."

"आमी बघतोय म्हणून?"

"हो. ही यादी सगळी बंद करा, काळ्या पडद्यावर जा, तिच्याकडं न बघता नुसतं नाव लिहून पुसायला सांगा. एका फटक्यात जाईल." त्यांनी कागदावर दोन ओळी लिहून दिल्या. पैसे घेतले नाहीत.

परतताना भावजी खिडकीबाहेर उसाकडे बघत होते. भवानीनगरच्या पुढं आल्यावर म्हणाले, "म्हंजे त्या अडून बसल्याच न्हवत्या. मीच सोडत न्हवतो." मग डब्यावरची शाल सारखी केली. मी तोवर ह्या घरात काही मागितलं नव्हतं. तेव्हा मागितलं. म्हटलं, "भावजी, पुसायच्या आधी मला बघायचंय."

"केवढं?"

"सगळं."

तीन दुपारी आत्याबाई रानात गेल्या की आम्ही ते लग्न बघितलं. मी थोरल्यांना कधी बघितलं नव्हतं. मी त्यांना गळ्यातल्या टाकासारख्या समजत होते, चांदीच्या, गप्प. बाई तर काय बोलत होत्या! वरातीला बँडवाल्याला म्हणतात, "दादा, बेसूर वाजवायचं तर हळू तरी वाजवा." तांदळाच्या परातीत अंगठी शोधायच्या खेळात त्यांनी सरळ सरळ लबाडी केली, अंगठी बांगड्यांत लपवली, आणि पकडल्यावर तोंड उघडं टाकून हसल्या, सगळे दात दाखवून. भावजी हसत होते, डोळे पुसत होते. मीही हसले. माझा ताप त्या दिवसांत आला की नाही, ते मला आठवत नाही.

आणि ती सुरुवात. छोट्या चौकोनात थांबायची ती मोठ्या पडद्यावर पुढं चालली. मान वर करून त्या उजवीकडे बघतात, कॅमेरा गर्रकन तिकडे वळतो, आणि मारुतीच्या पारावरून मांडवात येणारे हे दिसतात. हे तिच्याकडे बघतात. बस्स, तेवढंच. हसतातही धड नाहीत. पण मी ह्यांच्याबरोबर दहा महिने राहत होते, आणि ह्यांचे डोळे असे होतात हे मला माहीत नव्हतं.

मी भावजींना विचारलं, "ह्यातले तुकडे काढून ठेवता येतात ना?" ते म्हणाले, थोडे ठेवता येतील. आत्याबाईंना सांगायचं नाही, असं न बोलता ठरलं. मग मी सांगत गेले आणि ते कापत गेले. बँडवाला घ्या. अंगठीचा खेळ घ्या. आईच्या गळ्यात पडतात ते घ्या. लाडू खाताना घ्या. अकरा मिनिटं झाली. शेवटी भावजींनी सुरुवात लावली आणि ह्यांचं तोंड आलं तिथे थांबवलं.

"ह्ये?"

मी भिंतीवरच्या शर्टाकडे बघितलं.

"वैनी, ह्ये घ्यायचं?"

"नको," मी म्हटलं.

 मला वाटलं, आता भावजी काहीतरी म्हणतील. ते "बरं" म्हणाले. मग काळा पडदा उघडला, कागदावरच्या दोन ओळी एकेक अक्षर शोधत लिहिल्या आणि मला म्हणाले, "आता कुनी बघायचं न्हाय." त्यांनी खुर्ची भिंतीकडे फिरवली. मलाही फिरायला लावलं. आम्ही दोघं शिक्षा झालेल्या पोरांसारखी भिंतीकडे तोंड करून होतो, आणि भावजींनी मागं हात नेऊन चाचपत चाचपत बटण दाबलं. पाठीमागं कॉम्प्युटर थोडा वेळ घरघरला. मग थांबला. भिंतीवर ह्यांचा शर्ट होता. खोलीत वारा नव्हता, तरी त्याची बाही हलल्यासारखी वाटली. आम्ही वळलो तेव्हा पडद्यावर नुसती एक बारीक रेघ लुकलुकत होती. पाटी आली नाही. यादीत नाव नव्हतं, डावीकडचा चौकोन मोकळा होता. गळ्यातला टाक मला त्या दिवशी पहिल्यांदा जड लागला.

रक्ताच्या चिठ्ठीत हिवताप निघाला. बारामतीच्या गोळ्या पुऱ्या केल्या आणि ताप गेला तो पुन्हा आला नाही. आत्याबाईंनी गोळ्यांना श्रेय दिलं नाही. त्यांनी आळीत साखर वाटली. मोकळ्या झालेल्या जागेत भावजींनी माझ्या लग्नाची कॅसेट उतरवली. महिनाभर ते त्यावर बसून होते. दोन तासांचं लग्न त्यांनी किती वेळा पुढंमागं केलं असेल कुणास ठाऊक. त्यात हे भटजींकडे बघतात, स्वतःच्या पायांकडे बघतात, आचाऱ्याकडे तर तीन वेळा बघतात. एका दुपारी भावजी आपणहून म्हणाले, "त्या दिवशी पंगतीला माणसं जास्त झाली व्हती, वैनी. दादाचा जीव सगळा सैपाकात." मी म्हटलं, "व्हय, जिलेबी कमी पडली होती." ह्यांच्यात तसं वाईट काही नाही. माझ्या आजारात ह्यांनी पाळ्या बदलून घेतल्या, औषधं आणली, एकदा माझे केससुद्धा विंचरून दिले. त्या अकरा मिनिटांबद्दल ह्यांना कधी कळलं नाही, आणि मी काय काढून टाकलं तेही नाही. भावजींनी सांगितलं नाही.

पण तेव्हापासून घरात काही असलं, माझ्या लेकीचं बारसं, नणंदेचं डोहाळजेवण, विहिरीचं पूजन, की भावजी ज्याचं कार्य त्याला सोडून कोपऱ्यात उभे राहतात. मी एका बाजूला असते, हे दुसऱ्या बाजूला. भावजींचा कॅमेरा ह्यांच्यावर असतो, ह्यांची मान माझ्याकडे वळायची वाट बघत. घटका घटका उभे असतात. हातातल्या चहावर साय धरते, लोक म्हणतात, "अवो, बाळाचं काढा की, बापाचं काय काढताय?" ते ऐकत नाहीत. आरती होते, पानं उठतात, माणसं पांगतात. मग भावजी वायर कोपरावर गुंडाळत माझ्याजवळ येतात आणि खालच्या आवाजात म्हणतात, "आज उजेड बरोबर न्हवता, वैनी."

मी म्हणते, "व्हय, अंधारूनच आलं होतं जरा."

बाहेर अंगणात लख्ख ऊन असतं.